डाऊन सिंड्रोम : मेंदूची वाढ आणि मुलांचे वर्तन

भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरे आजही आढळतात. अशा घरात किंवा शहरालगतच्या एखाद्या आगरी गावात कधीकधी असे बाळ जन्मते, की ज्याचे अंग उचलताना नेहमीपेक्षा सैल लागते. डोळे किंचित वर तिरके, नाकाचा पूल बसका, मानेमागची कातडी सैल, तळहातावर कधी आडवी एकच रेषा. दूध ओढताना ते लवकर दमते. फार रडत नाही म्हणून आजी त्याला 'गुणी बाळ' म्हणते. वर्ष उलटून गेले तरी ते बसत नाही, तेव्हा घरात शंका सुरू होते. मग कुणी ग्रहणाचा दोष काढते, कुणी नात्यातल्या लग्नाचा, आणि बहुतेक वेळा बोट आईकडे जाते. या सगळ्यात बाळाच्या मेंदूच्या वाढीचे सर्वांत मोलाचे महिने निघून गेलेले असतात.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात डाऊन सिंड्रोम म्हणतात. जन्मतः आढळणाऱ्या गुणसूत्रदोषांत आणि बौद्धिक अक्षमतेच्या जनुकीय कारणांत तो सर्वाधिक आढळणारा आहे. साधारणपणे ८०० ते १००० जन्मांमागे एका बालकात तो दिसतो. धर्म, जात, आहार वा आर्थिक स्थिती यांच्याशी त्याचा संबंध नाही.

जॉन लँगडन डाऊन या ब्रिटिश वैद्याने १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन प्रथम केले. चेहऱ्याच्या साम्यावरून त्याने त्यांना मंगोल वंशाशी जोडले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे चुकीचे, अपमानास्पद नाव पाठ्यपुस्तकांत राहिले. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पाँ यांनी या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असल्याचे दाखवून दिले. पेशी वाढवण्याची प्रयोगशाळेतील मेहनत प्रामुख्याने गोतिए यांची होती, श्रेय मात्र बराच काळ लेज्यून यांच्याच नावे राहिले. मंगोलियाच्या प्रतिनिधींनी आक्षेप घेतल्यानंतर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुने नाव सोडले.

दोष नेमका कुठे?

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतील एकविसावे गुणसूत्र आकाराने सर्वांत लहान. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना ही जोडी विलग झाली नाही, तर बाळाकडे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन ऐवजी तीन प्रती येतात. सुमारे ९५ टक्के मुलांत हेच कारण असते. तीन-चार टक्क्यांत जादा गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेला असतो. यालाच स्थानांतरण म्हणतात. उरलेल्या एक-दोन टक्के मुलांत काही पेशी सामान्य आणि काही पेशी दोषयुक्त असे मिश्रण आढळते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. पहिल्या प्रकारात पुढच्या अपत्याला तोच दोष असण्याची शक्यता साधारण एक टक्का असते. स्थानांतरणाच्या प्रकारात आई वा वडील स्वतः निरोगी असूनही वाहक असू शकतात आणि तेव्हा ही शक्यता बरीच वाढते. म्हणून बाळाचा चेहरा पाहून निदान कितीही निश्चित वाटले, तरी गुणसूत्रांची तपासणी करून तिचा अहवाल जपून ठेवणे आवश्यक ठरते. पुढे मावशी, काका यांच्या घरी पाळणा हलायचा असेल तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

नात्यातल्या लग्नाबाबत भिवंडीसारख्या गावात स्पष्ट बोलणे जरुरीचे आहे. येथील मोमीन, कोकणी मुसलमान, तेलुगू भाषक पद्मशाली अशा निरनिराळ्या समाजांत आणि महाराष्ट्राच्या दक्षिण भागातून आलेल्या कुटुंबांतही कमी-अधिक प्रमाणात नात्यात लग्ने होतात. अशा लग्नांमुळे थॅलेसेमिया, काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा, चयापचयाचे काही आजार यांचा धोका वाढतो, हे खरे. पण एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत ही बीजपेशी विभागण्याच्या वेळची चूक आहे, आणि नात्यातील विवाहाने ती होते असे सिद्ध झालेले नाही. आईच्या वयाशी मात्र तिचा संबंध निश्चित आहे. विशीतील मातेत हे प्रमाण सुमारे दीड हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, तर चाळिशीत शंभरात एक असे असते. तरीही अशी बहुसंख्य मुले तरुण मातांनाच होतात, कारण आपल्याकडे बहुतेक बाळंतपणे त्या वयात होतात. 'इतक्या लहान वयात कसे झाले' या प्रश्नाला उत्तर आहे ते एवढेच.

मेंदूची घडण

एकविसाव्या गुणसूत्रावर दोनशेहून अधिक जनुके आहेत. त्यांच्या प्रती दोनाच्या तीन झाल्या की त्यांच्यापासून बनणारी प्रथिनेही प्रमाणाबाहेर तयार होऊ लागतात. मेंदूच्या बांधकामात कोणते प्रथिन केव्हा आणि किती हवे याचा हिशेब फार काटेकोर असतो आणि येथे तो सुरुवातीपासूनच बिघडतो.

हा बिघाड गर्भातच सुरू होतो. गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीत चेतापेशींची संख्या वाढण्याचा वेग मंदावतो. जन्मानंतर मेंदूचा एकूण आकार लहान राहतो, पण सर्व भाग सारखे लहान नसतात. तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणारा लहान मेंदू विशेष खुजा राहतो. नवी स्मृती साठवणारा हिप्पोकॅम्पस, नियोजन आणि संयम पाहणारा कपाळामागचा भाग आणि ऐकलेल्या भाषेचा अर्थ लावणारा कानशिलाकडील भाग हेही लहान असतात. त्यामानाने डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावणारे मागचे भाग बरेच शाबूत राहतात. या मुलांच्या वर्तनातील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा या असमानतेतूनच होतो.

टोरोंटोतील संशोधकांनी १९८०च्या दशकात केलेले एक निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. चेतापेशींना झाडासारख्या फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांवरून एक पेशी दुसरीशी जोडली जाते. डाऊन सिंड्रोमच्या अगदी लहान बाळांत या फांद्या नेहमीइतक्याच, किंबहुना किंचित अधिकच पसरलेल्या आढळल्या. पुढे मात्र त्या वाढण्याऐवजी आखडत गेल्या आणि बालपणात सामान्य मुलांपेक्षा तोकड्या झाल्या. म्हणजे बाळ जन्माला येते तेव्हा सगळे संपलेले नसते. पहिल्या वर्षातील हालचाल, स्पर्श, आवाज आणि बोलणे यांवर तज्ज्ञ एवढा भर देतात, त्यामागे ही शरीररचना आहे. लवकर सुरू केलेल्या उपचाराने जादा गुणसूत्र नाहीसे होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'सहा महिन्यांत मूल नॉर्मल' अशा जाहिराती करणारी औषधे आणि उपकरणे यांवर घर गहाण टाकणारी कुटुंबे कमी नाहीत.

चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण उशिरा चढत असल्याने संदेशांचा वेगही कमी राहतो. प्राण्यांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली आहे. या मेंदूत चेतापेशींना थोपवणारे संकेत प्रमाणापेक्षा जास्त असतात आणि त्यामुळे नवे काही शिकल्याचा ठसा पक्का उमटत नाही. हे संकेत सौम्य करणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्या गेल्या दशकात झाल्या, पण अपेक्षित फळ मिळाले नाही. २०२२ मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील संशोधकांनी एका संप्रेरकाची चाचणी प्रौढांवर केली आणि आकलनात काही सुधारणा नोंदवली, मात्र तीत अवघे सात पुरुष होते. मुलांच्या मेंदूसाठी आज कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही.

हट्ट, गोडवा आणि टाळाटाळ

'ही मुले फार प्रेमळ, हसरी आणि हट्टी असतात' हे वाक्य भिवंडीपासून बोस्टनपर्यंत ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. लोकांचे चेहरे पाहणे, हावभाव टिपणे, नक्कल करणे यांत ही मुले खरोखरच पुढे असतात. अवघड काम समोर आले की हेच कौशल्य ती टाळाटाळीसाठी वापरतात. एडिंबरा विद्यापीठातील जेनिफर विशार्ट यांनी लहान मुलांचे अनेक वर्षे निरीक्षण करून ही गोष्ट मांडली. कोडे कठीण वाटताच मूल ते बाजूला सारते, समोरच्याकडे पाहून गोड हसते, टाळ्या वाजवते, गाणे म्हणू लागते. मोठी माणसे विरघळतात आणि कोडे विसरले जाते. कधी हेच मूल जमिनीवर फतकल मारते आणि उठवता उठत नाही. दोन्ही प्रसंगांत ते एकच सांगत असते : हे मला जमणार नाही असे वाटते.

यावर उपाय धाकाचा नाही. काम लहान लहान पायऱ्यांत तोडावे. सुरुवातीला हात धरून ते पूर्ण करून घ्यावे आणि मदत हळूहळू कमी करावी, म्हणजे मुलाला चुकण्याची भीती राहत नाही. तोंडी सूचना एका वेळी एकच द्यावी. 'जा, चप्पल काढ, हात धू आणि जेवायला बस' या वाक्यातील चार कामांपैकी शेवटचेच मुलाच्या लक्षात राहते, कारण ऐकलेले काही क्षण धरून ठेवणारी त्याची स्मृती तोकडी असते. तेच काम चित्रांच्या पट्टीने भिंतीवर लावले तर ते चारही पायऱ्या पार पाडू शकते. पाहिलेले त्याच्या लक्षात राहते.

दिनक्रमाची आवड ही आणखी एक ठळक बाजू. ठरलेली ताटली, ठरलेला रस्ता, ठरलेला क्रम यांत बदल झाला की ही मुले अस्वस्थ होतात. स्वतःशी मोठ्याने बोलण्याची सवयही पुष्कळांत असते आणि ती पौगंडावस्थेत वाढते. पालक तिला वेड समजून घाबरतात. बहुतेकदा ते दिवसभरातील घटना उगाळून समजून घेण्याचे साधन असते. मूल डोळ्याला डोळा भिडवत नसेल, एकच हालचाल तासन्‌तास करत असेल आणि माणसांत रमतच नसेल, तर मात्र तो 'स्वभाव' म्हणून सोडू नये. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांत स्वमग्नताही असते आणि तिची शिकवण्याची पद्धत वेगळी असते.

बुद्ध्यंकाबद्दल एक गैरसमज फार क्लेशदायक ठरतो. पाच वर्षांच्या वयात ५५ आलेला आकडा बाराव्या वर्षी ४५ झाला, की पालकांना मूल मागे जात असल्याचे वाटते. वास्तविक बुद्ध्यंक ही समवयस्कांशी केलेली तुलना आहे. मूल पुढे चाललेलेच असते, इतर मुले अधिक वेगाने जातात एवढेच. शिकलेले खरोखरच विसरू लागले, बोलणारे मूल गप्प झाले, स्वच्छतेच्या सवयी सुटल्या, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा थायरॉईड, श्रवण, झोप आणि नैराश्य यांचा तपास तातडीने व्हायला हवा.

मागांच्या खडखडाटात भाषा

या मुलांना समजते जास्त आणि बोलता येते कमी. पहिला शब्द दीड-दोन वर्षांनी, कधी तिसऱ्या वर्षानंतरही येतो. तोंडाच्या स्नायूंचा सैलपणा, लहान तोंडाच्या मानाने मोठी वाटणारी जीभ आणि ऐकीव स्मृतीची मर्यादा ही त्याची कारणे आहेत. त्यात भर पडते ती कानांची. कानाच्या अरुंद नळ्यांमुळे मधल्या कानात द्रव साचून राहतो आणि निम्म्याहून अधिक मुलांना केव्हा ना केव्हा कमी ऐकू येते. यंत्रमागाचा आवाज ९० डेसिबलच्याही वर असतो. ज्या घरात तो दिवस-रात्र दोन पाळ्यांत ऐकू येतो, तेथे अर्धवट ऐकू येणाऱ्या बाळाच्या कानी शब्द सुटा आणि स्पष्ट पडणार कसा? अशा कुटुंबांना घर बदलण्याचा सल्ला देणे निरर्थक आहे. पण मागाच्या सुट्टीच्या दिवशी, वीज गेल्यावर किंवा आजोळच्या शांत घरी, बाळासमोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलणे शक्य असते. सहा महिन्यांनी एकदा कान तपासून घेणे तर त्याहून सोपे.

शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा भाषा एकाच गल्लीत नांदतात. मुलाचा गोंधळ होईल म्हणून घरची भाषा बंद करा, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. संशोधन त्याच्या बाजूने नाही. एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी डाऊन सिंड्रोमची मुले एकाच भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. आईला ज्या भाषेत अंगाई येते आणि रागावता येते, ती भाषा सोडून तुटक शाळकी मराठी बोलण्याने मूल गमावते ते जास्त. हातवाऱ्यांच्या खुणा शिकवल्याने मूल बोलायचे आळसावते, हाही असाच समज आहे. खुणांनी त्याची चिडचिड कमी होते आणि शब्द येऊ लागले की खुणा आपोआप गळतात.

वाचनाबाबत तर अपेक्षाच ठेवल्या जात नव्हत्या. १९८०च्या सुमारास इंग्लंडमधील एका पित्याने आपली मुलगी लहान वयात वाचू लागल्याचे कळवले. त्यावरून पोर्ट्‌समथच्या स्यू बकली यांनी पद्धतशीर अभ्यास सुरू केला. बाराखडीपासून न जाता ओळखीच्या माणसांची आणि वस्तूंची नावे आख्खे चित्र म्हणून दाखवली, तर अनेक मुले वाचू लागतात आणि वाचनातून त्यांचे बोलणे सुधारते, हे त्यातून पुढे आले. दृष्टीची बाजू बळकट असण्याचा हा थेट लाभ. देवनागरीत शब्दावरची शिरोरेघ त्याला एकसंध आकार देते, ही गोष्ट येथे हाताशीच आहे.

वर्तनामागे दडलेले आजार

चिडचिड, मरगळ, लक्ष न लागणे हे सगळे सिंड्रोमच्या खात्यावर टाकण्याची घाई डॉक्टरही करतात. सुमारे निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. पहिल्या महिन्यातच इकोकार्डिओग्राफी झाली, तर शस्त्रक्रियेची वेळ साधता येते. काही दोषांत पहिले वर्ष हुकले, की फुप्फुसांतील रक्तदाब वाढून शस्त्रक्रियेची वाटच बंद होते. थायरॉईडची कमतरता सामान्य मुलांपेक्षा कितीतरी पट अधिक आढळते. ती जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि नंतर दरवर्षी तपासावी लागते. एक स्वस्त गोळी येथे बुद्धीचे खरेखुरे नुकसान टाळते.

झोपेत घोरणारे, श्वास अडून दचकणारे, बसल्या जागी पुढे वाकून झोपणारे मूल रात्रभर अपुऱ्या प्राणवायूवर असते आणि दिवसा ते चंचल वा आक्रमक होते. बाळ लागोपाठ अनेकदा मान किंवा अंग झटक्याने वाकवत असेल, तर ते आकडीचे लक्षण असू शकते, आणि तेथे दिवसांचाही उशीर नको. मानेचे मणके सैल असल्याने कोलांटउडी, शीर्षासन यांपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तपासणी ते शाळा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाली. तेव्हा पालघर आणि भिवंडी हे एकाच ठाणे जिल्ह्याचे तालुके होते, पालघर स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील ३० प्रकारच्या दोष-आजारांची तपासणी होते आणि जन्मजात दोषांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचे नाव ठळकपणे आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. शंका आलेले मूल जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते, तसेच हृदयशस्त्रक्रियेसाठी साहाय्यही मिळू शकते. पथक येण्याची वाट न पाहता शहरातील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातूनही पुढची चिठ्ठी घेता येते.

अडचण असते ती चिठ्ठीनंतर. फिजिओथेरपी, वाचाउपचार यांसाठी आठवड्यातून दोनदा ठाणे वा मुंबई गाठायची. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर असल्याने थेट लोकलची सोय नाही. कापडाच्या मीटरवर मजुरी मिळणाऱ्या कामगाराला प्रत्येक फेरीत दिवसाची कमाई सोडावी लागते. म्हणून महिन्यातून एकदा जाऊन पालकांनीच व्यायाम आणि खेळ शिकून यावेत आणि ते घरी रोज करावेत, ही पद्धत अशा कुटुंबांना अधिक झेपते. अंगणवाडी सेविकेला सोबत नेले तर आणखी उत्तम. मुंबईत शिवडीची जय वकील संस्था १९४४ पासून आणि पुण्यात कामायनी १९६४ पासून या क्षेत्रात आहे. मुंबईतील उम्मीद बालविकास केंद्र २००१ मध्ये सुरू झाले, आणि तेथे पालकांच्या प्रशिक्षणावर भर असतो.

गर्भावस्थेत ११ ते १३ आठवड्यांदरम्यानची सोनोग्राफी आणि रक्तचाचणी यांतून केवळ संभाव्यता कळते, पक्के निदान गर्भजलाच्या किंवा वारेच्या तपासणीनेच होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मुदत विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवडे झाली असून, त्यापुढे गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. काय करायचे हा निर्णय दाम्पत्याचा, मात्र तो जुन्या समजुतींवर नव्हे तर माहितीवर घेतला जावा.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाचे विमाछत्र मिळते आणि त्यात वाचाउपचारासारख्या नियमित उपचारांचाही समावेश आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही मुले क्वचितच पौगंडावस्था ओलांडत. आज प्रगत देशांत त्यांचे सरासरी आयुर्मान साठीच्या आसपास आहे. चाळिशीनंतर त्यांच्यात अल्झायमर लवकर डोकावतो, कारण त्या आजाराशी निगडित प्रथिनाचे जनुकही एकविसाव्याच गुणसूत्रावर आहे. आई-वडिलांमागे सांभाळ कोण करणार, हा प्रश्न त्यामुळे लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही. मूल १८ वर्षांचे झाल्यावर पालकांचे कायदेशीर पालकत्व आपोआप संपते. पुढील पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो आणि त्यात सख्ख्या भावंडाचेही नाव सुचवता येते.